माल्टाच्या सुट्टीत अश्मयुगातली देवळं: काय बघायचं, कोणत्या क्रमानं आणि काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आठ दिवस माल्टाला चाललोय, नवरा-बायको आणि दोन मुलं, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची, निम्मा वेळ समुद्रावर जाणार हे ठरलेलंच आहे, पण तिथली अश्मयुगातली देवळं बघायची मनापासून इच्छा आहे. यादी काढली तर भराभर पंधरा-वीस नावं निघतात, त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, गाईड लागतो का आणि मुलं कंटाळतील का?

मी पुरातत्त्वात काम करते, भूमध्य समुद्रातल्या बेटांवर आधी अभ्यासासाठी आणि नंतर ग्रुप घेऊन जात आलेय, आणि त्यात माल्टा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

पण त्याआधी एक काम करा, हे वाचून संपायच्या आधी केलंत तर अजून चांगलं. हाल साफ्लिएनी हायपोजियमचं ऑनलाईन बुकिंग. बाकी सगळा प्लॅन त्या एका टिकिटाभोवती बसवायचा, उलटं करायला गेलात तर हायपोजियम हातचं जाईल. ही जमिनीखाली खडकात कोरलेली तीन मजली दफनभूमी आहे, एका टूरमध्ये फक्त १० माणसं सोडतात आणि दिवसात अशा मोजक्याच टूर असतात, म्हणजे सीझनमध्ये कित्येक आठवडे आधीच स्लॉट संपलेले असतात. इतकी कडक मर्यादा उगाच नाहीये. आतल्या छतावर लाल गेरूनं काढलेली चक्राकार वेलबुट्टी पाच हजार वर्षं टिकलीये ती बंद, दमट, अंधाऱ्या हवेमुळे, आणि माणसांच्या श्वासातला कार्बन डायॉक्साईड, अंगाची उष्णता, दिव्यांचा उजेड यांनी तेच सगळं बिघडतं, खडकावर शेवाळ धरायला लागतं. म्हणून १९९० च्या दशकात ही जागा वर्षानुवर्षं बंद ठेवली होती, २००० साली पुन्हा उघडली, त्यानंतरही हवा नियंत्रणाच्या कामासाठी मध्ये बंद होती. आत फोटो काढता येत नाहीत, बॅग बाहेर ठेवावी लागते, दिवे तुमच्याबरोबर पुढे पुढे लागतात आणि मागचे विझतात. मला हे सगळे नियम मनापासून पटतात.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की ६ वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. म्हणजे मुलगी जाऊ शकणार नाही. तेव्हा एकाच दिवशी दोन वेगळे स्लॉट घ्या, एकात तुमच्यापैकी एक जण आणि मुलगा, दुसऱ्यात दुसरा, आणि बाहेर थांबणाऱ्यानं मुलीला घेऊन तेवढ्यात पावला गावात चक्कर मारायची. हेरिटेज माल्टा ही सरकारी संस्था बहुतेक सगळ्या साईट सांभाळते आणि त्यांचा एक एकत्रित पास मिळतो, तो तुम्ही घ्याच, पण त्या पासात हायपोजियम येत नाही, त्याचं टिकिट वेगळंच, आणि स्वस्त नाही. ऑनलाईन मिळालं नाही तर आदल्या दिवशी थोडी टिकिटं काउंटरवर विकतात, राजधानी व्हॅलेटामधल्या सेंट एल्मो किल्ल्यावर रांग लागते, पण ती जास्त दराची असतात आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे निघण्यापूर्वी हेरिटेज माल्टाच्या वेबसाईटवर एकदा बघून घ्या. चार जणांच्या कुटुंबानं त्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. पंधरा-वीस साईट करू नका. माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून फक्त ३१६ चौरस किलोमीटरचा मुलूख, त्यात अशा देवळांचे तीसच्या आसपास समूह आहेत, त्यामुळे नकाशा बघून वाटतं की दिवसाला चार तर सहज होतील. होतातही, पण तिसऱ्या देवळापासून सगळे दगड सारखे दिसायला लागतात आणि मुलं तर दुसऱ्यालाच सावली शोधतात. चार देवळं, एक म्युझियम आणि हायपोजियम एवढंच घ्या, पण क्रम सांभाळा. माझा क्रम असा असतो: आधी हजार ईम आणि म्नायद्रा ही दोन देवळं, मग व्हॅलेटाचं म्युझियम, मग तारशीनचं देऊळ आणि हायपोजियम, आणि एक पूर्ण दिवस गोझोला जिगांतियासाठी, तो कुठेही बसवा. बरेच जण म्युझियम पहिल्या दिवशी उरकतात, ते मला पटत नाही, कारण तिथल्या मूर्ती आणि कोरीव दगड कुठे उभे होते, त्यांच्यासमोर माणूस कसा येत होता हे डोळ्यांनी पाहिलेलं नसेल तर ती नुसती काचेतली सुंदर वस्तू राहते. आणि हायपोजियम शेवटाकडे का, ते पुढे सांगते, त्याला माझ्या लेखी फार मोठं कारण आहे.

काळाचा अंदाज असू दे म्हणून थोडं. जिगांतियाचं बांधकाम साधारण इ.स.पू. ३६०० चं. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपासचा, म्हणजे हे त्याच्या हजार वर्षं आधीचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक विद्वानांना वाटायचं की एवढ्याशा बेटावरच्या शेतकऱ्यांना हे सुचणं शक्य नाही, नक्कीच पूर्वेकडून, ग्रीसच्या बाजूनं कोणीतरी येऊन शिकवलं असणार, दगडावरच्या चक्राकार नक्षीचा पुरावाही देत असत. मग रेडिओकार्बन पद्धतीनं काढलेल्या तारखा आल्या, १९६० च्या दशकाच्या शेवटी झाडांच्या वर्षवलयांवरून त्या दुरुस्त झाल्या, आणि शिष्य म्हटलेला गुरूपेक्षा हजारो वर्षांनी मोठा निघाला. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी ही मांडणी जोरकसपणे केली. मला वाटतं तिथे उभं राहताना ही गोष्ट डोक्यात असलीच पाहिजे, या लोकांनी हे कुणाकडून घेतलं नाही, बाहेर कुठेही असा आराखडा सापडत नाही. जगातली सगळ्यात जुनी दगडी वास्तू वगैरे तुम्हाला माहितीपत्रकात वाचायला मिळेल, ते आता धरू नका, तुर्कस्तानातलं गोबेकली तेपे त्याच्याही पाच-सहा हजार वर्षं आधीचं आहे. पण धातूचं एकही हत्यार नसताना, चकमक सिसिलीहून आणि ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखी काच लिपारी आणि पांतेलेरिया बेटांवरून होडीनं आणून, अशा हत्यारांच्या जगात काही टनांचे दगड रचणाऱ्या लोकांना कोणत्याही किताबाची गरज नाही.

देऊळ बघायचं कसं हे एकदा कळलं की चार देवळं पुरतात, म्हणून यावर जरा थांबते. समोर नेहमी एक मोकळं अंगण असतं आणि दर्शनी भिंत आत वळलेली, अंतर्वक्र, जमलेल्या लोकांना कवेत घेतल्यासारखी. या अंगणात आधी उभे राहा, थेट आत शिरू नका. गावातले बहुतेक लोक इथेच थांबत असावेत, कारण आतल्या खोल्यांत फार माणसं मावतच नाहीत. मग दार, दोन उभे दगड आणि वर एक आडवा. काही दारं याहून विलक्षण आहेत, एका अखंड शिळेत खिडकीसारखं चौकोनी भोक पाडून त्यातून वाकून जायचं. दाराच्या बाजूच्या दगडांना आरपार किंवा कोनात मिळणारी भोकं दिसतील, ती बहुधा दोर बांधायला किंवा अडसर लावायला, म्हणजे दार बंद होत होतं, कोणाला आत सोडायचं हे कोणीतरी ठरवत होतं. आतून एक मधला बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना अर्धगोल खोल्या, जुन्या देवळांत तीन, नंतरच्यांत पाच, तारशीनच्या मधल्या देवळात सहा. उंबऱ्यावर उभं राहून बघा काय दिसतं आणि काय मुद्दाम लपवलंय. मुलांना हाच खेळ द्या, प्रत्येक दारात थांबून कोणती खोली दिसत नाही ते सांगायचं. अर्ध्या तासात मुलगा तुम्हाला प्लॅन समजावून सांगेल, मी ग्रुपमधल्या मुलांबरोबर हे नेहमी करते.

दगड दोन जातीचे आहेत आणि ते ओळखता आले की आणखी मजा येते. कोरलाइन चुनखडक कठीण, करडा, खडबडीत, ऊन-वारा सोसणारा. ग्लोबिजेरिना चुनखडक मऊ, मधाच्या रंगाचा, हत्यारानं सहज कोरता येणारा, पण खारा वारा आणि पावसानं त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून अनेक ठिकाणी बाहेरची भिंत कोरलाइनची आणि आतली दारं, वेदी, नक्षी ग्लोबिजेरिनाची. म्हणजे कोणता दगड कुठे टिकेल, कुठे शोभेल याचा विचार साडेपाच हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. जमीन बघा, चुनखडीचा चुरा भिजवून ठोकून केलेली असते, त्याला तोर्बा म्हणतात, काही जागी अजून शाबूत आहे.

हजार ईमला सकाळी उघडल्या उघडल्या पोचा. कारण एक तर जूनमधलं ऊन, दुसरं म्हणजे दहा-अकराला बस भरून ग्रुप येतात. हे देऊळ जवळजवळ पूर्ण ग्लोबिजेरिनाचं, म्हणून फार झिजलं, २००९ साली त्यावर आणि म्नायद्रावर मोठे पांढरे तंबू उभारले. काही जणांना ते तंबू खुपतात, फोटो बिघडतो म्हणतात. मला विचाराल तर त्या तंबूंमुळेच पुढच्या पिढीला काही बघायला मिळेल, आणि खाली मऊ सारखा उजेड पडतो त्यात दगडावरची बारीक टिंबाटिंबांची नक्षी उलट जास्त चांगली दिसते. भिंतीतल्या प्रचंड शिळा बघा, त्यातली एक सहा मीटरहून लांब आहे. एका खोलीच्या भिंतीत लंबगोल भोक आहे, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी म्हणजे २१ जूनच्या सुमारास उगवत्या सूर्याचा कवडसा त्यातून आत येतो.

तुमच्या तारखा त्याच आठवड्यातल्या आहेत म्हणून सांगते, त्या दिवसांत हेरिटेज माल्टा पहाटे थोड्या लोकांसाठी साईट उघडते, वेगळं टिकिट असतं आणि लवकर संपतं. तिकडे जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे मुलीला झोपू द्या आणि तुमच्यापैकी एकानं जा. म्नायद्रातल्या खालच्या, दक्षिणेकडच्या देवळात हा हिशोब सगळ्यात पक्का आहे, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना सूर्यकिरण दारातून सरळ मधल्या अक्षावर जातात, आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवशी आतल्या दाराच्या एका किंवा दुसऱ्या बाजूच्या उभ्या दगडाच्या कडेवर पडतात. देऊळ म्हणजे वेधशाळा होती असं म्हणणारे बरेच भेटतील, मी तेवढं पुढे जात नाही, पण शेतकऱ्यांना ऋतू कळायची गरज होती आणि हे दार कुठे तोंड करून आहे ते योगायोगानं ठरलेलं नाही, एवढं नक्की म्हणेन.

हजार ईमपासून म्नायद्रा अर्धा किलोमीटर खाली, समुद्राच्या दिशेनं. वाट चांगली पण सावलीचं नाव नाही, आणि येताना चढ, म्हणून पाणी आणि टोप्या. उतरताना समोर फिल्फला नावाचा छोटा खडकाळ बेटुकला दिसतो, ब्रिटिश सैन्य १९७१ पर्यंत त्यावर तोफा-बॉम्बचा सराव करायचं, आता तो राखीव आहे आणि परवानगीशिवाय उतरता येत नाही. म्नायद्रात तीन देवळं शेजारी शेजारी आहेत आणि तिघांचं वय वेगळं. मधल्या देवळाच्या दारातल्या एका उभ्या दगडावर देवळाच्याच दर्शनी भागाचं छोटं चित्र कोरलंय, ते नक्की शोधा, छपराच्या आडव्या ओळी दिसतात त्यात. छपरं आज एकाही देवळावर उरलेली नाहीत, म्हणून हे चित्र फार मोलाचं. २००१ च्या एप्रिलमध्ये काही लोकांनी रात्री येऊन पहारींनी इथले साठेक दगड उलथवले होते. ते पुन्हा जागी बसवले, पण त्या दिवसांतले फोटो मी अजूनही ग्रुपला दाखवते, कुंपण आणि कॅमेरे कशासाठी आहेत हे कळावं म्हणून.

इथून निघालात की आर लाप्सीला जा, पश्चिमेला थोड्याच अंतरावर खडकात नैसर्गिक पोहण्याची जागा आहे, मुलांचा राग जातो आणि दुपारही.

म्युझियम व्हॅलेटात रिपब्लिक स्ट्रीटवर ओबेर्ज द प्रोव्हान्स या जुन्या सरदारी इमारतीत आहे, राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. दुपारच्या उन्हात जायला उत्तम. तारशीनचे खरे कोरीव दगड इथे आहेत, साईटवर त्यांच्या प्रतिकृती आहेत, ते आधीच माहीत असू दे म्हणजे हिरमोड होणार नाही. हजार ईमच्या स्थूल, बसलेल्या मूर्ती बघा, काहींच्या मानेशी खोबण आहे, म्हणजे डोकं वेगळं बसवत असत. त्यांना सरसकट मातृदेवता म्हणायची सवय लागलीय, पण बहुतेकांचं लिंग ओळखू येईल असं शिल्पकारानं काही दाखवलेलंच नाही, म्हणून मी तो शब्द वापरत नाही. आणि मग हायपोजियममध्ये सापडलेली निद्रिस्त स्त्री, भाजलेल्या मातीची, साधारण १२ सेंटिमीटर लांबीची, कुशीवर झोपलेली. तिच्यासाठी वेगळी अंधारी खोली आहे. तिथे गर्दी नसेल तर बराच वेळ थांबा, खाटेची खालची बाजूसुद्धा कशी घडवलीय ते बघा.

तारशीन घरांच्या मधोमध आहे, बाहेरून काही कळत नाही. शेतकऱ्याचा नांगर खाली मोठ्या दगडांना अडायचा, ती बातमी थेमिस्टोक्लेस झामित यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांनी १९१५ ते १९१९ इथे उत्खनन केलं. झामित मूळचे डॉक्टर, पण उत्खननात थर सांभाळून नोंदी ठेवणारा माणूस. एका नक्षीदार वेदीच्या पोटात कोनाडा आहे, त्याला दगडाचंच झाकण, आणि आत चकमकीची सुरी आणि प्राण्यांची हाडं सापडली, म्हणजे बळीची जागा. शेजारी एका महाकाय मूर्तीचा कमरेखालचा भाग, घोळदार घागरा आणि गुबगुबीत पोटऱ्या, पूर्ण असती तर अडीच मीटरपेक्षा उंच झाली असती. मुलांना दगडी गोळे दाखवा, काही जण म्हणतात शिळा सरकवायला त्यांच्याखाली घालत असत. आणि आतल्या भागात जायच्या वाटेवर चक्राकार नक्षीची आडवी शिळा आहे, गुडघ्याच्या वर येणारी, ती ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उंबऱ्याचं मी मघाशी सांगितलं ते इथे सगळ्यात ठसठशीत कळतं.

तारशीनपासून हायपोजियम चालत दहा-पंधरा मिनिटं. १९०२ मध्ये घरं बांधताना पाण्याची टाकी खणणाऱ्या मजुरांची पहार खाली पोकळीत गेली, आणि घाईत असलेल्या बांधकामवाल्यांनी सुरुवातीला ते झाकूनच ठेवलं. पहिलं उत्खनन फादर मानुएल माग्री यांनी केलं, ते १९०७ मध्ये ट्युनिशियात वारले आणि त्यांच्या नोंदी नंतर सापडल्याच नाहीत. मग झामितांनी काम पूर्ण केलं आणि साधारण ७,००० माणसं इथे पुरली असावीत असा अंदाज मांडला. हाडांपैकी फारच थोडी आज शिल्लक आहेत. पुरातत्त्वातलं हे नुकसान मला अजून टोचतं, आज तेवढ्या हाडांवरून त्या लोकांचा आहार, आजार, नातीगोती सगळं वाचता आलं असतं.

आता क्रमाचं कारण. वर देवळांची छपरं गेली, उंची गेली, अंधार गेला. खाली हायपोजियममध्ये त्याच लोकांनी खडकात देवळाची हुबेहूब नक्कल कोरून ठेवलीये, उभे दगड, आडवे दगड, दाराआत दार, आणि वर एकेक थर आत सरकत गेलेलं छप्पर, सगळं अखंड खडकातून. मधल्या मजल्यावरच्या एका दालनात ते तुम्ही बघाल तेव्हा हजार ईममधल्या उघड्या भिंतींच्या वर काय होतं ते एकदम लक्षात येईल. आधी हायपोजियम बघितलं तर ही नक्कल कशाची ते कळत नाही. म्हणून शेवटाकडे. तुम्हाला दुसऱ्याच दिवशीचा स्लॉट मिळाला तर घ्या अर्थात, पण मग निदान तारशीन सकाळी त्याच्या आधी करून या.

गोझोची फेरीबोट चिर्केव्वा बंदरातून सुटते, पंचवीस मिनिटांची, जाताना टिकिट मागत नाहीत, येताना घेतात. व्हॅलेटाहून थेट वेगवान बोटही आहे. जिगांतिया शाआरा गावाच्या कडेला, दोन देवळं एकाच तटात, आणि या तटाची भिंत अजूनही सहा मीटरच्या वर उभी आहे. पुढचं देऊळ बघितलं की बहुतेक लोक परत फिरतात, तुम्ही वळसा घालून मागच्या बाजूला जा, तिथले आडवे-उभे आळीपाळीनं लावलेले कोरलाइनचे धोंडे पाहिले की सान्सुना नावाच्या राक्षसीणीनं डोक्यावर दगड वाहून हे बांधलं ही गावातली गोष्ट का जन्मली ते कळतं. १८२७ मध्ये हे साफ करून उघडं केलं आणि तेव्हा नीट नोंदी झाल्या नाहीत, पण ब्रोख्टोर्फ नावाच्या चित्रकारानं काढलेली जलरंगातली चित्रं आहेत, आज गायब असलेले तपशील त्यात दिसतात. प्रवेशाजवळचं माहिती केंद्र चांगलं आहे, घाई करू नका. त्याच टिकिटावर जवळची ता कोला पवनचक्की बघता येते, मुलांना आवडते, आणि मग रामलाच्या तांबूस वाळूच्या किनाऱ्यावर उरलेला दिवस.

मुलांसाठी एकच जास्तीची साईट सुचवते, बिर्झेबुजाजवळची आर दालाम गुहा. देवळांच्या कितीतरी आधीचे थर, खाली बुटक्या हत्तींची आणि पाणघोड्यांची हाडं, त्याच्यावर हरणांची, आणि सगळ्यात वर माणसाच्या खुणा. बेटावर अडकलेले मोठे प्राणी पिढ्यान्पिढ्या लहान होत जातात हे ९ वर्षांच्या मुलाला एका हत्तीच्या दातावरून समजतं. आणि त्याला हेही सांगा की २०२५ मध्ये नवीन शोध प्रसिद्ध झालाय, उत्तरेला मेल्लीहाजवळच्या लातनिया गुहेत साधारण ८,५०० वर्षांपूर्वीच्या शिकारी लोकांच्या चुली आणि खाल्लेल्या हरणांची हाडं मिळाली, म्हणजे शेतकरी यायच्या हजार वर्षं आधी कोणीतरी जवळजवळ १०० किलोमीटर उघडा समुद्र साध्या होडीतून ओलांडून आलं होतं. ती गुहा पर्यटकांसाठी नाही, पण बीचवर बसून तो समुद्र बघताना सांगायला याहून चांगली गोष्ट नाही.

संध्याकाळ मोकळी असेल तर दिंगलीच्या कड्यांजवळ मिसराह आर इल-कबीर इथे खडकातल्या जोडीजोडीनं धावणाऱ्या खोल चाकोऱ्या आहेत, फुकट, कुंपण नाही. गाड्यांच्या, घसरगाड्यांच्या की आणखी कशाच्या आणि कोणत्या काळातल्या यावर एकमत नाही. सूर्य खाली आल्यावरच जा, तिरक्या उजेडाशिवाय त्या नीट दिसत नाहीत, आणि बूट घाला. या भागात दगडांवर आर टी ओ अशी रोमन अक्षरं रंगवलेली दिसतील, म्हणजे मालकासाठी राखीव, शिकाऱ्यांच्या जागा असतात त्या, त्यात शिरू नका.

स्कोर्बा आणि ता हाजरात ही दोन देवळं सोडा. सोडा म्हणताना जीवावर येतं, कारण स्कोर्बात पुरातत्त्वज्ञ डेव्हिड ट्रम्प यांनी १९६१ ते १९६३ मध्ये केलेल्या उत्खननामुळेच देवळांच्या आधीच्या वस्त्यांचा क्रम लागला, पण तिथे बघायला कमी आहे, ठरावीक दिवशीच उघडतात आणि मुलांबरोबर पहिल्या ट्रिपला त्याचा उपयोग नाही. बुजिब्बात राहणार असाल तर तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या बागेत छोट्या देवळाचं दार उभं आहे, पाच मिनिटांत होतं.

हे लोक गेले कुठे, असं मुलगा विचारेल. इ.स.पू. २३५० च्या सुमारास देवळं बांधणं थांबतं, वापर थांबतो. हल्लीच्या संशोधनात मातीचे नमुने, परागकण, हाडं तपासून जे दिसतं ते असं की लहान बेटावरची माती शतकानुशतकं झिजत गेली, हवा कोरडी झाली, अन्नाची ओढाताण वाढली. लढाईच्या खुणा नाहीत, देवळांच्या काळात तटबंदीची गावंही नाहीत. एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दगडांना हात लावायचा नाही, टेकायचं नाही, मुलांना वर चढवून फोटो काढायचा नाही, ग्लोबिजेरिनावर हाताच्या घामाचाही परिणाम होतो. शेतात, वाटेवर खापराचा तुकडा दिसला तर तिथेच राहू द्या, उचलून नेणं तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि जागेवरून हललेला तुकडा आम्हाला काहीच सांगू शकत नाही.

गाईडचं म्हणाल तर हजार ईम-म्नायद्राला माहिती केंद्र पुरेसं आहे, हायपोजियममध्ये ऑडिओ गाईड असतोच. पैसे घालायचे तर तारशीनला घाला, कारण तिथे वेगवेगळ्या काळातल्या भिंती एकमेकांत घुसल्या आहेत आणि वरून कांस्ययुगातल्या लोकांनी तिथेच राखेचे कलश पुरले, एकट्यानं उलगडत नाही. लायसन्सवाल्या गाईडच्या गळ्यात बॅज असतो, तो बघून घ्या. बाकी सगळीकडे बस जातात पण जूनच्या उन्हात स्टॉपवर मुलांना घेऊन थांबणं अवघड, तेव्हा हजार ईमचा दिवस आणि आर दालाम-दिंगलीचा दिवस असे दोन दिवस गाडी घ्या, तिकडे ड्रायव्हिंग डाव्या बाजूनंच आहे. व्हॅलेटाच्या दिवशी गाडी नको, पार्किंग मिळत नाही.